उभा केला तेव्हा चालत होता

आमच्या शेजाऱ्याचं गॅरेज दोन मोटारींचं आहे आणि त्याच्या दोन्ही मोटारी बारा महिने उघड्यावर असतात. जानेवारीत रात्री बर्फ पडला की सकाळी त्याची बायको कामावर जायच्या घाईत गाडीच्या काचा खरवडत उभी राहते. तिच्यापासून दहा पावलांवर, बंद दाराआड, हीटरच्या उबेत, 1961 सालचा एक पिवळा ट्रॅक्टर पांघरूण घेऊन आराम करत असतो. त्याच्या बाजूला एक लाल. लालच्या मागे एक हिरवा, त्याचं इंजिन बाकावर. बाकाखाली एक नारिंगी, तो चार खोक्यांत.

ट्रॅक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, कर्णे लावून गाणी वाजवणारा, मागे ‘आईची कृपा’ लिहिलेला ट्रॅक्टर येतो. हा तो नव्हे. हा बागेतला ट्रॅक्टर. उंची कमरेएवढी, ताकद सात ते वीस घोड्यांची, पोटाखाली गवत कापायची पाती, मागे छोटा नांगर किंवा ट्रॉली जोडायची सोय आणि थंडीत पुढे बर्फ ढकलायचं पातं. मोठा माणूस त्यावर बसला की गुडघे हनुवटीकडे येतात. तरीपण त्याला ‘गवत कापायचं मशीन’ म्हणू नये. आमच्याकडे आलेले एक पाहुणे सहज तसं म्हणून गेले. शेजाऱ्याने त्यांना हाताला धरून गॅरेजात नेलं, ओतीव लोखंडाची गिअरपेटी दाखवली, तिच्यावर हातोडीने हलकेच मारून आवाज ऐकवला आणि मग हल्ली दुकानात मिळणाऱ्या गाड्यांचा पत्रा कसा अंगठ्याने दबतो यावर सविस्तर निरूपण केलं. पाहुण्यांच्या विमानाची वेळ झाली म्हणून सुटले.

शेजाऱ्यासारख्या माणसांची ही जात अमेरिकेच्या बर्फाच्या पट्ट्यात सगळीकडे आढळते. न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, मिशिगन, ओहायो, मिनेसोटा. पण तिचं माहेर आमचं विस्कॉन्सिन. इथे मिशिगन सरोवराच्या काठी पोर्ट वॉशिंग्टन नावाचं एक टुमदार गाव आहे. बोलेन्स आणि सिंप्लिसिटी हे ट्रॅक्टरवाले दोन प्रतिस्पर्धी याच एका गावात कारखाने टाकून बसले होते. त्याच्या पश्चिमेला हॉरिकॉन. तिथल्या पाणथळीत रानहंसांचे थवे उतरतात, ते बघायला लांबून माणसं येतात. आमचा शेजारीही दर वर्षी हॉरिकॉनला जातो, पण मान वर करून आकाशाकडे बघत नाही. 1963 साली जॉन डिअरने आपला पहिला बागेतला ट्रॅक्टर, मॉडेल 110, तिथल्या कारखान्यातून काढला, एवढंच त्याच्या लेखी हॉरिकॉनचं महत्त्व. मिल्वॉकीला खेटून असलेल्या वेस्ट ॲलिस गावाच्या तर नावातच ॲलिस-चाल्मर्स कंपनी आहे.

आणि उत्तरेला, शेबॉयगनजवळ, कोहलर. पुण्यामुंबईच्या नव्या फ्लॅटांत नळावर आणि कमोडवर जे नाव असतं, तेच नाव शेजाऱ्याच्या पिवळ्या, लाल आणि हिरव्या तिन्ही ट्रॅक्टरांच्या इंजिनांवर आहे. 1873 साली सुरू झालेल्या या कंपनीचा मूळ धंदा ओतीव लोखंडाचा. 1883 मध्ये मालकाने जनावरांना पाणी पाजायच्या हौदाला इनॅमल चढवलं, खाली चार पाय लावले आणि आंघोळीचा टब म्हणून विकला, असं कंपनीच सांगते. आमच्या नव्या न्हाणीघरात कोहलरचा नळ बसवला तेव्हा बायको हौसेने शेजाऱ्याला दाखवायला घेऊन आली. त्याने नळ उघडला, बंद केला आणि म्हणाला, “चांगला आहे. पण यांचं खरं काम इंजिनात.”

या ट्रॅक्टरांचा जन्म कसा झाला हे समजलं की शेजारीही थोडा समजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकऱ्यांची पोरं नोकरीसाठी शहराच्या कडेला आली, अर्ध्या-एक एकराच्या घरांत राहू लागली. लहानपणी बापाचा मोठा ट्रॅक्टर हाकलेला. हाताची सवय तशीच राहिली आणि शेत मात्र गेलं. 1946 साली इंडियानातल्या साउथ बेंड गावी एल्मर आणि सेसिल पॉन्ड या बापलेकांनी अशा लोकांसाठी छोटे ट्रॅक्टर बनवायला घेतले. त्यांचंच पुढे व्हील हॉर्स झालं. तो लाल. मग इंटरनॅशनल हार्वेस्टर या बड्या धेंडाने केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यातून 1961चं मॉडेल म्हणून कब कॅडेट आणला. सात घोड्यांचा. हा पिवळा आणि पांढरा. शेजाऱ्याच्या वडिलांनी तो नवा घेतला होता, आणि हा तोच. म्हणजे असं तो सांगतो. त्याची बायको म्हणते, वडिलांचा केव्हाच भंगारात गेला, हा नंतर आणलेला. एवढ्या एका बाबतीत मी कोणाचीही बाजू घेत नाही.

जॉन डिअरने 1969 साली एक गंमत केली. हिरवा रंग बाजूला ठेवून पांढऱ्या अंगाचे ट्रॅक्टर काढले आणि बॉनेट व सीट चार रंगांत देऊ केली: लाल, नारिंगी, निळा, पिवळा. घरातल्या बाईसाहेबांना पडद्याला शोभेल असा ट्रॅक्टर निवडता यावा हा हेतू. बाईसाहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. आज हौशी लोक नेमके तेच हुडकत फिरतात. शेजाऱ्याला निळ्या बॉनेटचा हवा आहे. मी विचारलं, “निळाच का?” तर म्हणाला, “स्वयंपाकघराचे पडदे निळे आहेत.” पडदे त्याने गेल्याच वर्षी स्वतः आणून लावले. बायको अजून त्याच्या या अचानक गृहकृत्यदक्षतेने भारावलेली आहे.

ट्रॅक्टर घरी येतो त्याचीही एक ठरलेली रीत आहे. कुठल्यातरी गावात कुणाचे तरी वडील वारतात. मुलगा कोठार रिकामं करायला निघतो. जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: ‘उभा केला तेव्हा चालत होता.’ हे वाक्य कायद्याने खरं असतं. उभा कधी केला ते मात्र कोणी लिहीत नाही. शेजारी ट्रेलर जोडून निघतो, जाताना बायकोला ‘नुसता बघून येतो’ म्हणतो. नुसतं बघायला जाताना ट्रेलर लागत नाही, हा मुद्दा तिने लग्नाच्या पहिल्या काही वर्षांत मांडून पाहिला होता.

घासाघीस बघण्यासारखी असते. मी एकदा बरोबर गेलो होतो. शेजारी ट्रॅक्टरभोवती दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरला. हात बांधायचं कारण त्याने नंतर सांगितलं: हात लावला की चेहऱ्यावर दिसतं. मग बॉनेट उचललं. आत, इंजिनाच्या गार वाऱ्यासाठी केलेल्या पत्र्याच्या आवरणात, उंदरांनी कापूस, गवत आणि कुठल्यातरी उशीतला भुसा आणून तीन खोल्यांचं घर बांधलेलं. शेजाऱ्याने ‘च् च् च्’ केलं आणि शंभर डॉलर कमी केले. फ्लायव्हील हाताने फिरवून पाहिलं, फिरलं नाही. पुन्हा ‘च् च् च्’, आणखी पन्नास कमी. विकणाऱ्याचा चेहरा पडत गेला तसा याचा आतून खुलत गेला असणार, कारण ट्रेलरवर चढवून हमरस्त्याला लागल्यावर तो शीळ घालू लागला. “इंजिन जाम आहे ना?” मी विचारलं. “जाम आहे म्हणजे आतलं सगळं जागेवर आहे,” तो म्हणाला.

पुढचे कित्येक महिने तो जाम पिस्टनच्या सेवेत असतो. प्लग काढून त्या भोकातून ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ओतायचं आणि वाट बघायची. रोज सकाळी कॉफीचा मग हातात घेऊन यायचं, फ्लायव्हीलला थोडा झटका द्यायचा, नाही हललं तर मायेने थोपटून घरात जायचं. त्याची नात या वेळेला गॅरेजात आलेली त्याला चालत नाही, कारण ती “मोठ्ठा हातोडा घे ना आजोबा” म्हणते, आणि तिचं म्हणणं पटायचा मोह होतो.

गंज काढायची त्याची तऱ्हा तर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने टांगायचा आणि बॅटरी चार्जरचं ऋण टोक त्याला लावायचं. धन टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. रात्रभर बुडबुडे येतात, गंज सुटतो, सकाळी भाग काळा पण निखळ निघतो आणि पट्टी बिचारी खाल्ली गेलेली असते. पट्टी स्टेनलेसची घेतली तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, म्हणून साधं लोखंडच घ्यायचं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. घरी जाऊन प्रत्येक जण हाच उद्योग करणार अशी त्याची खात्री आहे. टब मूळचा नाताळच्या सजावटीचा. सजावट सध्या दिवाणखान्यात सोफ्यामागे आहे, तीही बारा महिने.

इंजिनाचं पोट उघडलं की त्याच्या मतांना धार येते. मोठ्या ताकदीच्या काही कोहलर इंजिनांत कंपनीने हादरे कमी करायला दोन जादा गिअर बसवले होते. ते झिजून सुटले तर आतूनच इंजिन फोडतात. म्हणून इंजिन उघडणारा प्रत्येक शहाणा माणूस ते दोन्ही काढून ठेवतो. शेजाऱ्याच्या खिडकीत असे गिअर ओळीने मांडलेले आहेत. “हे काढून टाकले तर इंजिन हादरत नाही?” मी विचारलं. “हादरतं ना. पण फुटत नाही.” पिवळ्यावर आणखी एक करामत आहे. स्टार्टर आणि जनरेटर एकच. पट्ट्याने जोडलेला एक डबा सुरुवातीला इंजिनाला फिरवतो आणि इंजिन सुरू झालं की इंजिन त्याला फिरवतं, तेव्हा तो वीज करून बॅटरी भरतो. हे समजावून सांगताना शेजाऱ्याचे डोळे भरून येतात. मुलाच्या दीक्षान्त समारंभाला ते कोरडे होते.

पेट्रोलवर तर त्याचा कायमचा राग. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, मक्याचं. ते पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या खातं, कार्ब्युरेटरात चिकट थर धरतं. आपल्याकडे इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरात कोणी गेलं की ठेवतात तसा.

या लोकांत पंथही आहेत. एक पंथ म्हणतो, मूळ रंगाला हात लावायचा नाही, गंजाला गंज म्हणून जपायचं. दुसरा म्हणतो, पत्रा उघडा करून नवा कोरा रंग, नवी स्टिकरं. तिसरा पंथ सर्वांत बदनाम: जुन्या सांगाड्यात नवं दोन सिलिंडरचं चिनी इंजिन घालायचं आणि कामाला लागायचं. शेजारी सर्वांसमक्ष पहिल्या पंथाचा आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी सीटवर चिकटवलेली चिकटपट्टीही तो काढू देत नाही. पण मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक खोकं आहे आणि त्यावरची अक्षरं मला लांबूनही चिनीच वाटली. मी काही विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

अशी सगळी तयारी बर्फासाठी असते, असं तो म्हणतो. डॉक्टरांनी म्हणे फावडं बंद केलंय. साठी उलटलेल्या माणसाने पहाटेच्या थंडीत बर्फ उपसू नये, हृदयावर ताण येतो, हे खरंच आहे. पण डॉक्टरांनी एका ट्रॅक्टरची मुभा दिली असेल, सात-आठांची नाही. नक्की किती ते मला ठाऊक नाही, कारण त्याच्या हिशेबात जे एकसंध उभे आहेत तेच मोजायचे. खोक्यांतला तो ट्रॅक्टर नव्हे, ‘सुटे भाग’. बायकोला हा हिशेब मान्य नाही, पण सिद्ध करायचं तर तिला खोकी उघडावी लागतील.

तयारी ऑक्टोबरात सुरू होते. मागच्या चाकांना साखळ्या. प्रत्येक चौथ्या कडीला आडवी साखळी की प्रत्येक दुसऱ्या, यावर दोन मित्रांचं बोलणं वर्षभर बंद राहिलेलं मी पाहिलंय. (दुसऱ्या. चौथ्याला दोन साखळ्यांमधल्या खळग्यात चाक घसरतं. पण हे मोठ्याने बोलायचं नाही.) ट्रॅक्टर हलका, बर्फ जड, म्हणून मागे वजन हवं. चाकांना लोखंडी चकत्या, मागे मुलाच्या तरुणपणीच्या व्यायामाची वजनं, आणि टायरमध्ये हवेऐवजी बीटाचा रस. कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे, साखरेचं. साखर काढल्यावर उरलेला हा द्रव पाण्याहून जड असतो, इथल्या थंडीत गोठत नाही आणि चाकाच्या लोखंडाला खात नाही. पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायचे, त्याने रिम सडायच्या. एकदा त्याचा टायर पंक्चर झाला तेव्हा ड्राइव्हवेभर काकवीसारखी तपकिरी धार गेली आणि गल्लीतली सगळी कुत्री येऊन उभी राहिली.

मिल्वॉकीच्या आसपास वर्षाला साधारण चार फूट बर्फ पडतो. टीव्हीवर हवामानवाला नकाशासमोर हात फिरवून ‘दहा इंच’ म्हणतो तेव्हा गावात सगळे कपाळाला हात लावतात. फक्त एक माणूस रात्रीचे कपडे खुर्चीवर काढून ठेवतो, लढाईवर जायच्या आधी ठेवावेत तसे. पहाटे चारला आमच्या खिडकीखाली आवाज येतो: आधी स्टार्टरचं कण्हणं, मग एका सिलिंडरचा टक् टक् टक्, आणि मग एक मोठा धडाका, म्हणजे उशिरा पेटलेलं पेट्रोल. याआधीचा भाग कोणी बघत नाही, मी पाहिलाय. बर्फाचा ट्रॅक्टर मागच्या शेडमध्ये असतो आणि शेडच्या दाराशी वाऱ्याने दोन फूट बर्फ लोटलेला असतो. तो उपसल्याशिवाय ट्रॅक्टर बाहेर येत नाही. म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेलं फावडं घेऊन शेजारी आधी अर्धा तास घाम गाळतो आणि मग हृदयाच्या काळजीपोटी ट्रॅक्टरवर बसतो.

थंडी लागू नये म्हणून त्याने स्वतः पाइप वाकवून, प्लास्टिक ताणून एक झोपडी ट्रॅक्टरवर बसवली आहे. आत बसलं की दोन मिनिटांत श्वासाची वाफ प्लास्टिकवर बसते आणि समोरचं दिसेनासं होतं. मग तो बाजूचं दार उघडं ठेवून अर्धा बाहेर लोंबकळत चालवतो. बेचाळीस इंचाचं पातं तिरकं करून बर्फ एका बाजूला लोटतो. आपला ड्राइव्हवे संपला की आमचा. आमचा संपला की पलीकडच्या विधवा आजींचा. त्यांच्याकडे मोटार नाही, ड्राइव्हवेचा उपयोगही नाही. पण ड्राइव्हवे लांब आहे.

सगळं साफ झालं, त्याने कॉफीचा पहिला घोट घेतला, की नगरपालिकेचा मोठा नांगर रस्त्यावरून जातो आणि सगळ्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा, मिठाचा, चिखलाचा गुडघाभर बांध घालून जातो. त्या वेळचा शेजारी बघावा. बायका-पोरं ‘अरे देवा’ म्हणतात, हा मग खाली ठेवून हातमोजे चढवतो. वर्षाचे बाकी सगळे दिवस ज्याच्यासाठी काढले तो शत्रू समोर आलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी माझे सासरे, अण्णा, सांगलीहून राहायला आले. मे महिना होता. अण्णांचं आयुष्य विहिरीवरच्या पाच घोड्यांच्या किर्लोस्कर इंजिनाबरोबर आणि एका जुन्या बजाज स्कूटरबरोबर गेलेलं. इथे आल्यावर त्यांना करमेना. टीव्ही कळत नाही, चालायला गेलं तर रस्त्यावर माणूस नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ते दिसेनात म्हणून मी शोधायला निघालो तर शेजाऱ्याच्या गॅरेजातून मराठी ऐकू आलं.

“ए बाबा, गॅप कमी हाय त्येचा.”

शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता. अण्णा उकिडवे. दोघांच्या मध्ये कोहलर इंजिनाचे, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट. आपल्या स्कूटरला पॉइंट फ्लायव्हीलच्या आत असायचे, खिडकीतून डोकावून जमवावे लागायचे. या इंजिनात ते बाहेरच्या बाजूला, एका छोट्या झाकणाखाली असतात. अण्णांनी ते झाकण उघडलेलं पाहिलं आणि अमेरिकेविषयी त्यांचं पहिलं चांगलं मत तिथे झालं. “बाहेरच ठेवलेत बघा. खुळी न्हाईत माणसं.” शेजाऱ्याने इंजिन पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत फिरवलं, फटीत मोजपट्टी घातली. पुस्तकात लिहिलेलं अंतर एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले वीस. वीसची पट्टी शिरेना. अठराची शिरली. त्याने मान वर करून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी काहीच पाहिलं नसल्यासारखं करून खिशातून सुपारी काढली.

मग मात्र बोलणं थांबलंच नाही. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती आणि कोणी अडलं नाही. मला अधूनमधून दुभाष्या म्हणून बसवलं, पण मी ‘हे म्हणतायत की...’ म्हणेपर्यंत दोघं पुढच्या बोल्टवर गेलेले असायचे. बॉनेटवरचं इंटरनॅशनल हार्वेस्टरचं नाव अण्णांनी बोट ठेवून वाचलं आणि एकदम ओरडले, “आरं ही बी-275 वाली!” याचं भाषांतर मात्र मला करावं लागलं. 1963 साली महिंद्राने याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हात मिळवून मुंबईत ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि बी-275 हा त्यांचा पहिला ट्रॅक्टर. अण्णांच्या गावात तो कोणाच्या दारात आला तेव्हा नारळ फोडायला अख्खा गाव जमला होता. शेजाऱ्याने हे ऐकलं आणि पिवळ्या ट्रॅक्टरकडे, मग अण्णांकडे बघून म्हणाला, “म्हणजे आपण नातेवाईक!” इंटरनॅशनलने कब कॅडेट 1981 मध्ये विकून टाकला, पुढे कंपनीचंच बारसं बदललं, आणि महिंद्राचे ट्रॅक्टर आज अमेरिकेतल्या दुकानांत उभे आहेत, हा व्यवहारी भाग मी पोटात ठेवला.

इंजिन सुरू व्हायला आणखी दोन दिवस गेले. सुरू झालं तेव्हा अण्णांनी प्लगवर सुपारीचा तुकडा ठेवून नमस्कार केला. शेजाऱ्याने आधी ‘काय आहे हे’ अशा नजरेने पाहिलं, मग स्वतःही हात जोडले. तो तुकडा त्याने नंतर काढून एका डबीत ठेवला. डबीवर चिठ्ठी लावलेली आहे, त्यावर लिहिलंय: ‘सुटे भाग, भारत.’

अण्णा परतले तरी दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आमची चौकशी होते, नातवंडांची होते, आणि मग ते विचारतात, “लाल झाला का न्हाई?”

लाल होत नाही. लालचं सगळं झालंय. इंजिन, गिअर, रंग, सीट. फक्त बॉनेटवरचा घोड्याच्या तोंडाचा बिल्ला नाही. तो एका मित्राकडे आहे, पन्नास डॉलरला. शेजारी म्हणतो, “महाग सांगतो.” एरवी पन्नास डॉलर तो एका संध्याकाळी वॉशर आणि बोल्टांवर घालवतो. मला शंका आहे की बिल्ला उद्या कोणी फुकट आणून दिला तरी त्याला त्याचे स्क्रू चुकीच्या मापाचे निघतील. लाल पूर्ण झाला की मग सकाळी कॉफीचा मग घेऊन गॅरेजात कशासाठी जायचं?

गेल्या एप्रिलमध्ये बायकोने शेवटचं सांगितलं. मोटार आत आली पाहिजे. निदान एक, निदान तिची. नाही तर ती बहिणीकडे फ्लोरिडाला निघून जाईल, जिथे बर्फ पडत नाही. शेजाऱ्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी हिरवा विकायची जाहिरात दिली. बायकोने जाहिरात वाचून पाहिली. ती म्हणाली, किंमत जास्त लावली आहेस, कोणी येणार नाही. शेजाऱ्याने किंमत कमी केली. अगदी सरळ वागला, मी साक्षीदार आहे.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, टोपी, तेलकट बोटं, मागे ट्रेलर. ट्रेलरवर ताडपत्री झाकलेलं काहीतरी होतं. शेजाऱ्याने हिरवा बाहेर काढून ठेवला होता, धुऊनपुसून. गिऱ्हाइकाने हात पाठीमागे बांधले आणि ट्रॅक्टरभोवती फिरायला लागला. शेजाऱ्याच्या ते ताबडतोब लक्षात आलं. त्याने विचारलं, “ट्रेलरवर काय आहे?”

“काही नाही. वाटेत एका ठिकाणी घेतला. बोलेन्स. उभा केला तेव्हा चालत होता, म्हणतात.”

दोघं ट्रेलरकडे गेले. ताडपत्री एका कोपऱ्यातून उचलली गेली. मी माझ्या अंगणात गुलाबाच्या कलमांपाशी वाकलो होतो, मला बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ‘च् च् च्’ ऐकू आलं. दोनदा. दुपारी गिऱ्हाईक गेलं. हिरवा आपल्या जागी आत होता. ट्रेलर रिकामा गेला.

संध्याकाळी बायको कामावरून आली, मोटार नेहमीप्रमाणे बाहेर लावली आणि गॅरेजच्या दारात उभी राहिली. आत बराच वेळ बघितलं.

“विकला?”

“बोलणी चालू आहेत.”

“किती मिळाले?”

शेजाऱ्याने फडक्याने हात पुसले. डावा पुसला, उजवा पुसला, मग एकेक बोट पुसलं.

“चारही टायर चांगले आहेत त्याचे,” तो म्हणाला.